टिकटिक बंद करण्याआधी ती कुठून येतेय ते शोधा

जुन्या पिकअपच्या इंजिनाच्या आवाजाबद्दल या वेळी इतके प्रश्न आलेत की सगळं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांना मिस्त्रीने ‘टॅपेट वाजतोय’ असं सांगितलंय, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतला गॅप वाढलाय. असेलही, पण टिकटिक करणाऱ्या जागा चार-पाच आहेत. पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी नीट बघा: आवाज थंड इंजिनावर येतो की गरम, आणि तो रेसबरोबर वाढतो की लोडबरोबर (वजन, चढ).

प्रश्न (शिरोळ): भाजीपाला वाहायला आठ वर्षं वापरलेलं डिझेल पिकअप घेतलं. सकाळी चालू केलं की कडक टिकटिक येते, दहा मिनिटांत जाते. मिस्त्री हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, खोलूया म्हणतोय. खोलू का?

आत्ताच नको. थंडीत वाजणारा आणि तापल्यावर गप्प होणारा आवाज बहुतेक वेळा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाचा निघतो. मॅनिफोल्ड आणि हेडमधलं पॅकिंग जळालं किंवा एखादा स्टड तुटला, की प्रत्येक फायरिंगला त्या फटीतून धूर फटकन बाहेर पडतो. कानाला तो थेट टॅपेटसारखा लागतो. मॅनिफोल्डचं बीड (ओतीव लोखंड) तापून फुगलं की फट मिटते आणि आवाज जातो.

रात्रभर उभी असलेली गाडी चालू करण्याआधी बॅटरीच्या उजेडात मॅनिफोल्डची कड बघा. वर पत्र्याचं कव्हर असेल तर काढा. बाकीचं बीड गंजाने तांबूस असतं. गळतीपाशी मात्र काजळीचा काळा पट्टा उमटलेला दिसतो. टोकाच्या सिलिंडरचे स्टड आधी तपासा, कारण मॅनिफोल्ड लांबीत वाढतं-आखडतं तेव्हा सगळ्यात जास्त ओढ तिथे बसते. मग इंजिन चालू करून लगेच त्या कडेवर साबणाचं पाणी फवारा. फुगे आले की जागा सापडली. हे पहिल्या मिनिटातच करायचं. तापलेल्या बिडावर पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो.

दुरुस्तीत नुसतं पॅकिंग बदलून भागत नाही. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळपट्टी धरा आणि मागून बॅटरी मारा. मधून उजेड दिसला तर तोंड वाकलंय, ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात सरफेस करून, म्हणजे घासून सपाट करून घ्या. नाहीतर नवं पॅकिंगही थोड्या दिवसांत जळेल. गंजलेल्या स्टडवर जोर लावू नका, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरीही तुटून आत राहिला, तर त्यावर नट वेल्ड करून काढणारा सराईत माणूस गाठा. ड्रिल जरा तिरकं गेलं की हेडचं नुकसान होतं.

तोवर केबिनमध्ये धुराचा वास येतोय का, याकडे लक्ष ठेवा. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. वास येत असेल तर काचा लावून गाडी चालवू नका, आणि इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये तर अजिबात झोपू नका.

आवाज दहा मिनिटं नाही, चालू केल्यावर दोन-चार सेकंदच येत असेल तर गोष्ट वेगळी. रात्रीत ऑइल खाली उतरलेलं असतं आणि वर पोचायला वेळ लागतो. फिल्टरमध्ये ऑइल मागे जाऊ न देणारी झडप असते, हलक्या फिल्टरमध्ये ती टिकत नाही. फिल्टर चांगल्या प्रतीचा टाका आणि फरक बघा.

प्रश्न (गडहिंग्लज): दुधाच्या गाडीचं इंजिन थंड असो की गरम, टिकटिक चालूच. रेस वाढवली की तीही वाढते. टॅपेट सेटिंग केलं, महिन्यात परत तेच.

हे टॅपेटचंच लक्षण आहे, पण आधी ऑइल बघा. गाडी सपाटीवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग ऑइलची गेजपट्टी काढून बघा. ऑइल कमी असेल तर पुढचं सगळं निदान चुकतं.

800 आरपीएमच्या (मिनिटाला 800 फेरे) स्लोवर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 400 वेळा, म्हणजे सेकंदाला साडेसहा-सात वेळा उघडतो, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पडणारा ठोका सेकंदाला तेरा-चौदा वेळा पडतो. म्हणून टिकटिक किती भरभर पडते यावरून ती व्हॉल्व्हची की खालची, याचा अंदाज येतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवा. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून कपडे, हात लांब ठेवा. कुठल्या सिलिंडरवर आवाज मोठा आहे ते कळतं.

सेटिंग इंजिन थंड असताना की गरम, आणि गॅप किती, हे तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्येच बघा. इनटेक आणि एक्झॉस्टचा गॅप बऱ्याचदा वेगवेगळा असतो. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर हे सेटिंगच नसतं. 1-3-4-2 या क्रमाने सिलिंडर पेटणाऱ्या इंजिनात चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिल्याचा गॅप लावायचा. पहिल्याचे हलले की चौथ्याचा. दुसरा-तिसरा यांची जोडीही तशीच. गॅपमध्ये घालून मोजायच्या फीलर गेजची पट्टी ओढताना किंचित धरून सुटली पाहिजे. लॉकनट आवळला की पुन्हा मोजा, कारण आवळताना गॅप हमखास बदलतो.

महिन्यात परत आवाज येतो, याचं कारण मला रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्याच्या) टोकावर दिसतं. तिथे झिजून खळगा पडला असेल तर पट्टी खळग्याच्या दोन्ही काठांवर टेकते. गेजवर गॅप बरोबर दिसतो, प्रत्यक्षात तो जास्त असतो. रॉकर उलटा करून टोकावर नख फिरवा. खळगा नसेल तर पुशरॉड (कॅमपासून रॉकरपर्यंतची सळई) काचेवर गडगडवून सरळ आहे का बघा, आणि मग कॅमच्या लोबची (उंचवट्याची) उंची मोजून घ्या. लोब झिजला असेल तर सेटिंगवर आणखी पैसे घालू नका.

आणि मिस्त्रीला ‘आवाज अजिबात नको’ असं सांगू नका. आवाज मारण्यासाठी गॅप कमी ठेवला की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. ती वाट बंद झाली की व्हॉल्व्ह जळतो, आणि तेव्हा टिकटिक होत नाही, थेट कॉम्प्रेशन जातं. बारीक वाजणारा टॅपेट मला चालतो, घट्ट टॅपेट चालत नाही.

प्रश्न (कागल): जाड ऑइल आणि एक डबा ॲडिटिव्ह टाकलं, आवाज थांबला. आता काम करायची गरज आहे का?

आहे. आवाज दबलाय, झीज चालूच आहे. जाड ऑइल थंडीत वर उशिरा पोचतं आणि नेमकी तेव्हाच झीज होते. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल भरा, जुना फिल्टर कापून त्याच्या घड्यांत चमकणारे कण आहेत का बघा. कण असतील तर ऑइल प्रेशर साध्या मेकॅनिकल गेजने गरम इंजिनावर मोजून घ्या. विकणारेही हीच युक्ती करतात, त्यामुळे पुढचा प्रश्न महत्त्वाचा.

प्रश्न (इचलकरंजी): रविवारी एक पिकअप बघायला जायचंय. आवाजावरून काय ओळखू?

मालकाला आधीच सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ गेल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. थंड चालू करून ऐका, मग वजन घालून पन्हाळ्याच्या चढाला न्या. टिकटिक चढावर तशीच राहिली तर बहुधा वरच्या भागाचं काम आहे. जड, खालून येणारा ठक-ठक आवाज लोडवर वाढला आणि ॲक्सिलरेटर सोडताच बदलला, तर बिग-एंड बेअरिंगचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगचा) संशय धरा. अशी गाडी घेऊ नका. स्वतःच्या गाडीत हा आवाज आला तर तिथेच इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या.

प्रश्न (हातकणंगले): गॅरेजवाला कोणता सिलिंडर वाजतोय हे बघायला नोझलचे (इंजेक्टरचे) पाइप एकेक ढिले करतो. चालू इंजिनावर हे बरोबर आहे का?

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर ही पद्धत चालायची. कॉमन रेलवर, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या इंजिनावर, हे कधीही करू देऊ नका. तिथे डिझेलचा दाब 1000 बारच्या वर जातो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतलं मांस मरतं आणि बोट, कधी हातही कापावा लागतो. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि ‘डिझेल आत गेलंय’ असं सांगा. चालू इंजिनावर इंजेक्टरचा कनेक्टरही ओढू नका. स्कॅनरने एकेक सिलिंडर बंद करून बघता येतो.

कॉमन रेलचे इंजेक्टर थोडे टिकटिकतातच. एकाच इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर जमला असेल आणि ‘चफ-चफ’ असा आवाज असेल, तर खालचा तांब्याचा वॉशर गेलाय. तो लवकर बदला, थर वाढला की इंजेक्टर हेडमध्ये अडकतो.

प्रश्न (राधानगरी): उभ्या गाडीत कितीही रेस दिली तरी आवाज नाही. चालायला लागली की टिकटिक, वेगाबरोबर वाढते.

मग इंजिनाला हात लावू नका. टायरच्या नक्षीत खडी अडकलीय का बघा. ती नसेल तर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, तपासा: चाकांना ओट (अडसर) लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसमध्ये खेळ जाणवला तर क्रॉस बदला.