वाचकांचे प्रश्न : लिनक्सवरील झिप, आरएआर आणि सेव्हन-झिप

प्रश्न : सीताबर्डीत आमचे डीटीपीचे दुकान असून दोन्ही संगणकांवर लिनक्स मिंट आहे. ग्राहकांनी पाठवलेल्या आरएआर फाइली आर्काइव्ह मॅनेजरमध्ये उघडत नाहीत, आणि काही झिप फाइलींतली मराठी नावे अगम्य चिन्हांत दिसतात. दुसरे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दुसरे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. लिनक्सच्या वेगवेगळ्या डेस्कटॉपांचे आर्काइव्ह मॅनेजर, म्हणजे ग्नोमचा फाइल रोलर, केडीईचा आर्क, माटेचा एनग्रॅम्पा किंवा हलकाफुलका एक्सआर्काइव्हर, हे बहुतांशी दर्शनी भाग आहेत; फाइल दाबण्याचे आणि उलगडण्याचे काम मागे बसलेली टार, झिप, सेव्हन-झिप यांसारखी साधने आणि लायब्ररी करतात. मागचे साधन नसेल, तर पुढची खिडकी कितीही देखणी असली तरी फाइल उघडत नाही. आरएआरचे नेमके तसेच आहे. युजीन रोशाल यांनी १९९३ मध्ये आणलेला हा प्रकार खाजगी मालकीचा आहे. तो उलगडणाऱ्या 'अनरार' (unrar) या साधनाचा सोर्स कोड पाहता येतो, पण त्यावरून आरएआर तयार करणारा प्रोग्राम लिहिण्यास परवान्यात मनाई असल्यामुळे डेबियन ही लिनक्सची आवृत्ती त्याला मुक्त सॉफ्टवेअरच्या विभागात ठेवत नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'अनरार' शोधून बसवा, आर्काइव्ह मॅनेजर बंद करून पुन्हा उघडा, आणि तीच फाइल बहुधा उघडेल.

नावांचा घोळ अधिक रंजक आहे. झिप १९८९ मध्ये फिल कॅट्झ यांनी आणले, तेव्हा नावांसाठी जुन्या डॉस संगणकांचा अक्षरसंच गृहीत धरला होता, आणि त्यात देवनागरीला जागाच नव्हती. नाव युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांना सामावणाऱ्या अक्षरसंचात, आहे हे सांगणारी खूण २००६ च्या नियमावलीत आली. मात्र काही प्रोग्राम नाव युटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीत लिहितात आणि ही खूण लावायचे विसरतात. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की मात्रा, तीन बाइटचे असते आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी एकच असतो. डॉसच्या संचात त्या बाइटचा अर्थ ग्रीक आल्फा, आणि दुसऱ्याचा अर्थ डोक्यावर लाट असलेला एन. म्हणून 'लग्नपत्रिका' नावाच्या फाइलीत आल्फा आणि एन यांची जोडी पुन्हा पुन्हा दिसते. तुमच्या पडद्यावर तशीच रांग असेल, तर निदान पक्के समजा. आतला मजकूर शाबूत असतो, बिघडते ते फक्त नाव. 'अनार' (unar) नावाचे मुक्त साधन नावांची लिपीसंहिता स्वतः ओळखण्याचा प्रयत्न करते आणि ती आपल्याला सांगूनही देता येते. ते बसवून ठेवावे. तुम्ही स्वतः पाठवताना मराठी नावे असतील तर सेव्हन-झेड (7z) हा सेव्हन-झिपचा फाइलप्रकार निवडा, कारण त्यात नावे मुळातच युनिकोडमध्ये साठवली जातात. ग्राहकाला मात्र तो उघडता येतो ना, हे फोनवर विचारून घ्यावे. कामाची घाई असते तेव्हा हा प्रश्न हमखास राहून जातो.

प्रश्न : लग्नाचे फोटो सर्वोच्च दाबाने सेव्हन-झेडमध्ये बांधले. बराच वेळ गेला, पण आकार जवळजवळ तेवढाच राहिला. असे का?
– एक छायाचित्रकार, महाल

उत्तर : जेपीईजी फोटो मुळातच दाबलेले असतात, त्यामुळे पुन्हा दाबून हाती काही लागत नाही. नुसते एकत्र बांधायचे असतील तर साधी टार फाइल करावी. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल बसत नाही, तेव्हा सेव्हन-झेड करताना तिचे भाग पाडण्याचा पर्याय वापरा. सगळे भाग एकाच फोल्डरमध्ये असल्याशिवाय ती उलगडत नाही.

प्रश्न : अशिलांची कागदपत्रे पासवर्ड लावून झिप केली, तरी फाइलींची नावे कोणालाही दिसतात. यावर उपाय काय?
– एक वकील, सिव्हिल लाइन्स

उत्तर : नेहमीच्या झिपमध्ये पासवर्ड आतल्या मजकुराला लागतो, यादीला नाही; आणि वकिली कामात नावावरूनच बरेच काही कळते. शिवाय झिपची जुनी पासवर्ड पद्धत कच्ची आहे. टार-जीझेडला, म्हणजे दाबलेल्या टार फाइलीला, तर पासवर्डची सोयच नाही. सेव्हन-झेड निवडून पासवर्डसोबत फाइलींची यादीही कूटबद्ध करण्याचा पर्याय चालू करा. त्यातील एईएस-२५६ कूटीकरण भक्कम आहे, अर्थात पासवर्ड पक्षकाराच्या नावाचाच नसेल तर, आणि तो त्याच ईमेलमधून पाठवला नसेल तर. आणखी एक काळजी घ्यावी. आर्काइव्ह मॅनेजरच्या खिडकीतूनच एखादे कागदपत्र दोनदा क्लिक करून उघडले, की त्याची उघडी, पासवर्ड नसलेली तात्पुरती प्रत डिस्कवर तयार होते. खिडकी बंद केल्यावर ती सहसा पुसली जाते, पण मध्येच वीज गेली तर मागे राहू शकते. कार्यालयातील संगणक अनेकांच्या हाताळणीत असेल, तर उबंटू किंवा मिंट बसवतानाच संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडलेला बरा.