जुलैत कूलर का रुसतो?

प्रिय मित्रा,

दहावीला विज्ञानात ९४ पडले, आता तो विषय संपला, असं तू लिहिलंस. गुणांना नावं ठेवणार नाही. अकरावीचा प्रवेश त्यांवरच होतो. पण पुस्तक न उघडता एक सांग. मे अखेरच्या नवतप्यात खोली गारेगार करणारा तुमच्या घरचा कूलर जुलैत नुसता चिकचिकाट का करतो?

अप्रकट उष्मा, म्हणजे वाफ होताना पाणी शोषतं ती उष्णता, तू घडाघडा म्हणशील; सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा बाष्पाने किती भरली आहे तेही. दोन्ही एकाच धड्यातल्या. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात, हे पाठ आहे. (तो १०० अंशांवरचा आकडा, कूलरच्या ताटीवर, म्हणजे बाजूच्या ओल्या गवतावर, थोड्या जास्तच लागतात.) त्या येतात कुठून? ताटीतून आत येणाऱ्या हवेतूनच. आणि हवा आधीच ओली असेल तर?

करून बघ. प्रयोगशाळेतला साधा तापमापी घे, पंख्यासमोर पाच मिनिटं धर, आकडा लिही. मग तापमापीच्या टोकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळून पुन्हा तेच कर. मे महिन्यात पंधरा-वीस अंशांचा फरक पडू शकतो, ऑगस्टच्या झडीत जेमतेम दोन-तीन. ओल्या हवेत पाण्याची वाफच कमी होते, कूलर रुसतो तो म्हणूनच. फडकं जाड असलं किंवा फ्रीजच्या पाण्यात भिजवलं तर आकडा फसवेल. पाणी माठातलंही नको, खोलीत ठेवलेलं घे. प्रात्यक्षिकाची वही मित्राची बघून उतरवली की २० गुणांतले बहुतेक हाती येतात, पण आकडा का फसला हे कळत नाही.

आता अभ्यासाचं. धडा चार वेळा वाचला की ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं म्हणजे येतं असा समज होतो. घात इथेच होतो. म्हणून धडा एकदा वाच, पुस्तक मीट, कोऱ्या पानावर वीस मिनिटं आठवेल ते लिही. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल शाईने भर. दुसऱ्या दिवशी फक्त लाल भाग, आठवड्याने पुन्हा कोरं पान. पहिल्यांदा पान निम्मंही भरणार नाही. त्याचा धसका घेऊ नकोस.

अकरावीत चाचणीचा पेपर हातात आला की एकूण गुण बघून दप्तरात कोंबू नकोस. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिही: माहीतच नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, की एकक चुकलं. तिन्हींची औषधं वेगळी. पहिल्याला धडा, दुसऱ्याला प्रश्नातल्या ‘कारण द्या’, ‘फरक स्पष्ट करा’ या शब्दांखाली रेघ, तिसऱ्याला गणिताच्या प्रत्येक ओळीत एकक. सगळ्यावर ‘अजून अभ्यास’ हाच उतारा काढणारे ट्यूशनला जाऊनही तिथेच राहतात.

आणि वर्गात ‘सर, हे परीक्षेला आहे का?’ हा प्रश्न विचारायचाच असेल तर शेवटी विचार. आधी ‘असं का होतं?’ विचार. काही शिक्षक वैतागतील. तासानंतर गाठ.

तुझा,
काका