सिक्स सिग्माचा पहिला प्रकल्प घेताना

शिरोलीच्या फाउंड्रीत रुजू होऊन महिना झाला नाही तोवर तुझ्याकडे प्रकल्प आलाय, म्हणून लिहितो.

सिक्स सिग्मा म्हणजे कामातले दोष कमी करण्याची पद्धत. ती 1986 मध्ये मोटोरोला कंपनीत आकाराला आली. दोष होऊ शकेल अशा दहा लाख संधींमागे 3.4 दोष, हे तिचं ध्येय. तो आकडा सध्या बाजूला ठेव. प्रश्न नेमका मांडणं, मोजणं, कारण शोधणं, सुधारणं आणि टिकवणं, या पाच पायऱ्या धर.

'रिजेक्शन लई वाढलंय' हा प्रश्न नव्हे. कुठलं कास्टिंग (ओतून केलेला धातूचा भाग), कुठली शिफ्ट, कुठला दोष, हे लिहिलंस की प्रश्न झाला. सगळ्यात जास्त वेळ मोजण्याला दे, आणि मोजमापही तपास. एकच कास्टिंग दोघा तपासनिसांना स्वतंत्रपणे दाखव. एक पास म्हणाला नि दुसरा रिजेक्ट, तर आधी तपासणी सुधार. मी हे केलं नव्हतं. ब्लोहोलचा, म्हणजे कास्टिंगमध्ये वायूने पडणाऱ्या पोकळीचा दोष तीन महिने मोल्डिंगवाल्यांच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्यांच्या माथी मारला. खरं तर वाळूतला ओलावा जास्त होता, आणि तो मोजणारं यंत्रच चुकीचं दाखवत होतं. त्या माणसांची मी माफी मागितली, पण ते अजून मनाला लागतं.

कारण शोधताना भट्टीपाशी उभा राहा, जुन्या मामांना विचार. त्यांचा अंदाज बहुतेकदा बरोबर निघतो, तरी आकड्यांवर घासून बघ.

बदल एका वेळी एकच कर. कंट्रोल चार्ट (मोजमापांचे ठिपके आणि मर्यादेच्या रेषा असलेला तक्ता) ऑफिसात नको, मशीनपाशी लाव आणि ऑपरेटरलाच भरू दे. ठिपका रेषेबाहेर गेला तर कुणी काय करायचं, तेही त्याच कागदावर लिहून ठेव.