मनी प्लांटचा वेल खूप लांब झालाय, खालचा भाग नुसती काडी राहिलीये. कुठून कापू? आणि कापलेल्या वेलापासून नवीन झाड होईल का?

बिनधास्त काप, कुंडीत प्रत्येक वेलाची दोन-तीन पेरं ठेवून वरचं सगळं काढलंस तरी चालेल, आणि हो, त्या तुकड्यांची नवीन झाडं होतात. कारण सगळा खेळ पेराचा आहे, जिथून पान फुटतं तिथे वेलावर एक छोटासा तपकिरी फुगवटा दिसेल बघ, मूळ तिथूनच येतं आणि नवीन कोंबही त्याच पेरातून. शेंडा गेला की खालचे झोपलेले डोळे जागे होतात म्हणून नागडी काडीसुद्धा परत फुटते, फक्त ती हिरवी आणि टणक हवी, मऊ पडलेली असेल तर गेलीच समज.

माझ्याकडे असंच करून कुंड्या वाढल्यात:

- पेराच्या अर्धा सेंटीमीटर खाली धारदार कात्रीने काप, तुकड्याला एक-दोन पानं पुरे
- पेर पाण्यात, पान बाहेर, पाणी आठवड्याला बदल
- मुळं ४-५ सेंमी झाली की मातीत लाव, महिनोन्महिने पाण्यात राहिलेली मुळं मातीत जरा कुरकुरतात

नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवू नकोस, मुळं आली तरी त्याचा वेल होत नाही.

एकच, हे सगळं वाढीच्या दिवसात कर. कडक थंडीत किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात मुळं यायला खूप वेळ लागतो आणि तोवर तुकडा सडूही शकतो.