किंगपिनचा डाव नेमका कुठे फसतो?

प्रश्न : माझा कॉलेजातला मुलगा 'डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन' वाचा म्हणून मागे लागलाय. मी इंद्रजालमधले वेताळ आणि मॅन्ड्रेक वाचत मोठा झालो. हे पुस्तक अर्धं झालंय पण यात हीरो सुरुवातीलाच कोसळतो आणि पुढे सगळं तो गुन्हेगारांचा बादशहा किंगपिनच चालवतो, मारामारी पण कमीच. याला एवढं मोठं का मानतात? आणि या नावाची सिरीज आहे ती हीच गोष्ट का?
— एक वाचक, परळ

उत्तर : मुलाने चांगलं पुस्तक दिलंय तुम्हाला, अर्ध्यावर सोडू नका प्लीज. सिरीजचं आधी सांगतो, २०२५ ला आली ती फक्त नाव घेऊन आली, गोष्ट वेगळी आहे. त्याआधीच्या 'डेअरडेव्हिल' सिरीजचा २०१८ चा जो तिसरा सीझन होता त्यात या कॉमिकचा बराच अंश आहे, पण तोही जसाच्या तसा नाही.

आता मुद्द्याचं. ही गोष्ट १९८६ ची, फ्रँक मिलरने लिहिलेली आणि डेव्हिड मॅझुकेलीने काढलेली, डेअरडेव्हिलचे अंक २२७ ते २३३. कॅरन पेज ही मॅट मर्डॉकची, म्हणजे डेअरडेव्हिलची, जुनी प्रेयसी, मेक्सिकोत नशेच्या आहारी गेलेली, ती एका डोससाठी डेअरडेव्हिलचं खरं नाव विकते. नाव हातोहात फिरत किंगपिनकडे पोचतं. दुसरा कुठलाही व्हिलन असता तर त्याच रात्री मारेकरी पाठवले असते ना, पण विल्सन फिस्क, म्हणजे किंगपिन, तसं करत नाही, तो आधी खबर खरी आहे का ते तपासतो, ज्यांच्या ज्यांच्या हातातून ते नाव गेलं त्यांना संपवायला सांगतो आणि मग मर्डॉकच्या आयुष्यातली एकेक वस्तू काढून घ्यायला लागतो. इन्कम टॅक्सवाले खातं गोठवतात. बँक म्हणते घराचे हप्ते आलेच नाहीत. एक पोलीस अधिकारी खोटी साक्ष देतो आणि मॅटची वकिली जाते. हा निक मॅनोलिस चांगला माणूस आहे हो, पण मुलाचं ऑपरेशन आहे आणि किंगपिनला ते माहितीये. मला सगळ्यात जास्त भीती या पानांची वाटते कारण यात कोणीच मास्क घातलेला नाही, फक्त पत्रं, नोटिसा आणि सह्या. मुंबईत ज्याने घराचे हप्ते भरलेत त्याला हे कोणी समजावून सांगायला नको.

मारामारी कमी आहे ती म्हणूनच. मुक्का मारायचा तर कोणाला, बँकेच्या काउंटरवरच्या माणसाला?

आणि मग किंगपिन मॅटचं घर बॉम्बने उडवतो. माझ्या मते अख्खी गोष्ट या एका ठिकाणावर उभी आहे. तोपर्यंत मॅटला वाटत होतं की नशीबच फिरलंय. ढिगाऱ्यात स्वतःचा डेअरडेव्हिलचा पोशाख सापडतो तेव्हा त्याला कळतं की यामागे कोण आहे. इतका थंड डोक्याचा माणूस पण शेवटी त्याला आपलं नाव दिसायला हवं होतं, काम मी केलं हे समोरच्याला कळायला हवं होतं! पुढे तो मॅटला स्वतःच्या हाताने बडवतो, टॅक्सीत बांधून ईस्ट रिव्हरमध्ये ढकलतो, आणि नंतर टॅक्सी सापडते पण प्रेत सापडत नाही. तिथून किंगपिनची झोप उडते, कारण ज्याचं सगळं काढून घेतलं त्याला घाबरवायला हातात काही उरलेलंच नाही. शेवटच्या दोन भागांत न्यूक नावाचा सैनिक येतो, कॅप्टन अमेरिका येतो, तो भाग काही वाचकांना उपरा वाटतो. मला नाही वाटत. कागदावर जिंकणारा माणूस न्यूककडून भर वस्तीत गोळीबार करवतो म्हणजे त्याचा धीर संपला, आणि धीर हेच तर त्याचं हत्यार होतं. यातून सभ्य उद्योगपती म्हणून कमावलेली अब्रू जाते त्याची.

पत्रकार बेन युरिककडे पण लक्ष ठेवा. बोटं मोडली जातात, घाबरून गप्प होतो, आणि नंतर पुन्हा लिहायला बसतो. पुस्तकातला सगळ्यात धाडसी माणूस तोच आहे असं मी मानतो.

प्रश्न : किंगपिन मूळचा स्पायडरमॅनचा व्हिलन ना?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : हो. १९६७, 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा ५० वा अंक, स्टॅन ली आणि जॉन रोमिटा. डेअरडेव्हिलसमोर त्याला मिलरने १९८१ मध्ये आणलं आणि मग तो तिथलाच झाला.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण कॉमिक करतोय. गिरगावातली जुनी चाळ, ती बळकावणारा बिल्डर, आणि आमची हिरोईन. बिल्डर गुंड पाठवतो, ती त्यांना झोडते, परत गुंड येतात. चित्रं छान होतायत पण गोष्ट सपाट वाटते. काय करू?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : गुंड काढून टाक. जुन्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते, म्हणजे तुझ्या बिल्डरला सगळ्यांना धमकवायची गरजच नाही, त्याला निम्म्याहून थोड्या जास्त सह्या पुरतात. मग तो काय करेल? प्रत्येक खोलीची गरज शोधेल. कोणाच्या मुलाची अ‍ॅडमिशन, कोणाचं हॉस्पिटलचं बिल, कोणाकडे दोन भावांत पागडीच्या पावतीवरनं भांडण. मॅनोलिसला किंगपिनने असंच तर विकत घेतलं. तुझ्या हिरोईनला सह्या झोडता येणार नाहीत, आणि ज्यांनी सह्या केल्या ते तिचेच काका-काकू आहेत, लहानपणी तिला यांनीच गणपतीला आरतीचं ताट धरायला दिलेलं, त्यांच्यावर तिने चिडायचं कसं? ट्रान्झिट कॅम्पात गेलेल्यांचं भाडं, परत यायची वाट बघणं, हे सगळं काढ, इथे तुला कधीच मटेरियल कमी पडणार नाही.

फक्त एक बघ, त्याची चूक त्याच्या स्वभावातूनच येऊ दे. हिरोईनला अचानक एखादी फाईल सापडली आणि तो पकडला गेला, असं नको. समज त्याचं बालपण याच चाळीत गेलंय आणि ५१ टक्के हातात आल्यावरसुद्धा एका म्हाताऱ्याची सही त्याला हवीच आहे, गरज नसताना. ती घ्यायला तो वकिलाला न पाठवता स्वतः जिना चढून येतो. ते पान आधी काढ आणि त्याच्या पुढचं-मागचं नंतर जुळव.

प्रश्न : बॉर्न अगेन मुंबईत कुठे मिळेल? स्वस्तात.
— एक वाचक, दादर

उत्तर : सगळे भाग एकत्र असलेलं पुस्तक मिळतं, तेच घ्या, सुटे अंक शोधत बसू नका. जुनं हवं असेल तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे विचारा, नसेल तर सांगून ठेवा. घेताना अंक २३३ पर्यंत पानं आहेत ना ते तिथेच उघडून बघा.