बाबाची खारट आमटी आणि तुझा प्रश्न

पिल्लू,

काल झोपताना तू विचारलंस की आपण जेवायच्या आधी 'वदनी कवळ घेता' म्हणतो, आजी फोनवर सांगते अन्नाला नावं ठेवायची नाहीत, मग बाबाची आमटी एवढी खारट झाली तरी छान झालीय असंच म्हणायचं का, आणि ते खोटं नाही का. मी उद्या सांगते म्हटलं होतं ना, तर लिहूनच देते.

नाही, खोटं बोलायचं नाही. नावं ठेवणं म्हणजे पान वाढल्यावर नाक मुरडणं, 'शी, हे काय केलंय' म्हणणं, ताट सरकवून उठणं. ते आपल्यात करत नाहीत. पण 'मीठ पुढे आहे' हे सांगणं म्हणजे नावं ठेवणं नव्हे. आपले आजोबा पहिला घास घेऊन अगदी सहज म्हणायचे, 'आज मीठ जरा पुढे आहे गं', आणि आजी आतून दही घेऊन यायची, बस, विषय संपला.

मी मात्र लग्नानंतर दोन वर्षं बाबाला काही सांगितलंच नाही. दर शुक्रवारी तो ऑफिसातून दमून यायचा तरी हौसेने स्वयंपाक करायचा, मी छान छान म्हणत ताकाबरोबर कसंबसं गिळायचे, आणि मी छान म्हटलं म्हणून तो पुढच्या शुक्रवारी अगदी तस्संच करायचा. हे माझं चुकलं. शेवटी सांगितलं तेव्हा त्याला आमटी बिघडल्याचं नाही, मी एवढे दिवस बोलले नाही याचं वाईट वाटलं.

मग आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहून बघत बसलो की नेमकं चुकतंय कुठे. आजीने सांगितलेल्या रेसिपीत होतं '१ चमचा मीठ'. आजीचा चमचा म्हणजे मिसळणाच्या डब्यातला तो छोटुसा, आणि बाबा घेत होता टेबलस्पून! टीस्पून 5 मिलीचा, टेबलस्पून 15 चा, म्हणजे सरळ तिप्पट, वर कुकरमध्ये डाळीत घातलेलं मीठ वेगळंच. फोडणीचंही तसंच, धूर निघेपर्यंत तेल तापवून त्यात आधी हळद टाकायचा, ती जळून कडू व्हायची. मोहरी तडतडली की गॅस बारीक करायचा, मग हिंग, हळद शेवटी, हे आता त्याला पक्कं जमतं, तू वास बघ कधी.

कालचं कारण वेगळं होतं. जाडं मीठ संपलं म्हणून त्याने तेवढाच चमचा भरून बारीक घातलं. जाड्या खड्यांमध्ये फटी राहतात, बारीक मीठ चमच्यात दाबून बसतं, त्यामुळे जास्त पडलं. उरलेल्या आमटीत मी आज बिनमिठाची शिजवलेली डाळ आणि पाणी घालून उकळी काढलीय, थोडा गूळ पण घातलाय, रात्री खाऊन सांग.

या शुक्रवारी तू त्याच्या शेजारी उभी राहा. मीठ एकदम नाही घालायचं, थोडं घालून, ढवळून, चमचाभर आमटी वाटीत घेऊन फुंकर मारून चाखायची, ते काम तुझं. मीठ पुढे झालं तर तसं सरळ सांग. आणि काल त्याने तुझ्या घशात काडी जाऊ नये म्हणून कोथिंबिरीची पानं एकेक खुडून चिरली होती, मी बघत होते, ती छान होती हेही सांग त्याला.

आई