चंद्रावर दोनदा उतरणारे यान

मूक विज्ञानपट पाहण्याची सुरुवात आपण जॉर्ज मेलिएस यांच्या १९०२ सालच्या ‘अ ट्रिप टू द मून’पासून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. तोफेतून सुटलेले यान चंद्राच्या डोळ्यात रुतते आणि लगेच पुढच्या दृश्यात तेच यान चंद्राच्या पृष्ठभागावर पुन्हा उतरते, तेव्हा ही संकलनातील चूक आहे असे समजू नये. मेलिएस हे मूळचे रंगमंचावरचे जादूगार. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक दृश्य हा नाटकासारखा स्वयंपूर्ण प्रवेश होता, त्यामुळे एकच घटना आधी गंमत म्हणून आणि नंतर प्रवास म्हणून दाखवण्यात त्यांना काहीच वावगे वाटले नसावे. कॅमेरा जागचा हलत नाही, कुठे पाहावे हे सांगणारे समीपदृश्य नाही, लिखित पाट्याही नाहीत. त्या काळी अनेकदा निवेदक बाजूला उभा राहून गोष्ट सांगत असे. म्हणून हा चित्रपट दोनदा पाहावा आणि दुसऱ्या वेळी पडद्याच्या कडेला काय चालले आहे ते जरूर न्याहाळावे. मला तर खरी मौज तिथेच वाटते.

‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या जर्मन मूक विज्ञानपटाची गोष्ट वेगळी आहे. प्रथम प्रदर्शनानंतर त्याला मोठी कात्री लागली आणि शास्त्रज्ञ रोटवांगच्या हेल या मृत स्त्रीवरील प्रेमाचा धागाच त्यातून गेला. तो नसेल तर यंत्रस्त्री घडवण्यामागचा त्याचा हेतू कळत नाही. २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये सापडलेल्या प्रतीच्या आधारे सिद्ध झालेली २०१० सालची आवृत्तीच आपण मिळवावी.